महाविद्यालयाची तीन वर्षे आणि वायुदलाची वाट

प्राचीन शूर्पारक नगरीचे नाव आजही वागविणाऱ्या सोपाऱ्याहून समुद्राच्या दिशेने निघाले, की वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कळंब आणि नवापूर या गावांच्या शेजारात, राजोडी हे गाव लागते. केळी, पानवेली आणि फुलझाडे यांच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे सुरूची झाडे आणि त्याही पलीकडे अरबी समुद्र, अशा या मुलखातील माणसाला दर्यावर्दी आणि शिपाई या दोन्ही पेशांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, त्या मोहिमेचे नाव तर येथील शाळकरी मुलाच्याही तोंडी असते. वायुदलाचा अधिकारी मात्र येथील सामान्य कुटुंबाला अजूनही परक्या जगातला, मोठ्या शहरातल्या सधन घरातून आलेला माणूस वाटतो, आणि बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने अथवा मुलीने विमान चालविण्याची इच्छा बोलून दाखविली, की घरातील वडील माणसे प्रथम खर्चाचा आकडा विचारतात. खासगी संस्थेतून वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळवावयाचा तर तो आकडा खरोखरच सामान्य घराला न झेपणारा असतो. परंतु वायुदलाच्या वाटेवर सरकार विद्यार्थ्याकडून शुल्क तर घेत नाहीच, उलट हैदराबादजवळील दुंडिगल येथील अकादमीत उड्डाणाचे शिक्षण घेणाऱ्या छात्राला अखेरच्या वर्षी दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन देते. ही वाट कोठून सुरू होते, हेच आपल्याकडे पुरेसे ठाऊक नाही. ती दुंडिगलच्या धावपट्टीपासून सुरू होत नाही. ती सुरू होते अकरावीच्या विषयांच्या निवडीपासून आणि महाविद्यालयाच्या कवायतीच्या मैदानापासून, आणि म्हणूनच महाविद्यालयीन वयातील लष्करी शिक्षणाचा विचार येथे काहीशा विस्ताराने करावयाचा आहे.

विद्यार्थ्याला विद्यार्थी राहूनच सैनिकी शिक्षण द्यावे, ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. पहिल्या महायुद्धात सैन्याला माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा १९१७ साली विद्यापीठांतून ‘युनिव्हर्सिटी कोअर’ नावाची पथके उभारण्यात आली. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यान्वये त्यांचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत, १९४२ साली, त्याच पथकांच्या नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द दाखल झाला. नाव बदलले तरी या पथकांचा पसारा लहान आणि त्यांचे फळ बेताचेच राहिले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. शाळा-महाविद्यालयांतून देशव्यापी छात्रसंघटना कशी उभी करावी, याचा विचार तिने केला, आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा होऊन त्याच वर्षीच्या जुलैमध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एन.सी.सी., अस्तित्वात आली. आरंभी ती केवळ भूदलाच्या धर्तीची होती. पुढे १ एप्रिल १९५० रोजी तिची वायुशाखा सुरू झाली, आणि त्या दिवशी देशात जी दोनच पथके उभी राहिली त्यांपैकी एक कलकत्त्यास आणि दुसरे मुंबईस होते. ज्या मुंबईला राजोडीचा विद्यार्थी आणि नोकरदार आजही नालासोपाऱ्याची लोकल पकडून जातो, त्याच मुंबईत महाविद्यालयीन वायुशिक्षणाचा हा प्रारंभ झाला. मुंबईला तो मान मिळाला यात नवल नव्हते. जुहूच्या मैदानावर उड्डाणाची हौस आणि शिस्त १९२८ पासून, बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या स्थापनेपासून, नांदत होती, जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला होता, आणि १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये कराचीहून टपाल घेऊन ते याच मैदानावर उतरले होते.

परदेशांतील शिरस्ता पाहिला, तर या कल्पनेचे दोन निरनिराळे अवतार दिसतात. ब्रिटनमध्ये सर ह्यू ट्रेंचर्ड यांच्या पुरस्काराने १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रथम केंब्रिज आणि मागोमाग ऑक्सफर्ड येथे विद्यापीठीय वायुपथके निघाली; नव्या आणि तांत्रिक अशा या सेनादलाला विद्वानांच्या जगाशी जोडून ठेवणे, आणि विद्यार्थ्यांना उड्डाणाची गोडी लावून त्यांतील काहींना दलात ओढून आणणे, हा त्यांचा हेतू होता. अमेरिकेने अधिक व्यावहारिक मार्ग पत्करला. तेथे १९१६ च्या कायद्याने विद्यापीठांतून राखीव अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली आणि १९४६ पासून वायुदलासाठी तिची स्वतंत्र शाखा वाढू लागली. चार वर्षांच्या पदवीक्रमात पहिली दोन वर्षे वायुदलाची सर्वसाधारण ओळख, मधल्या उन्हाळ्यात कडक शिबिर, आणि त्यातून निवडल्या गेलेल्यांना पुढील दोन वर्षे नेतृत्व व राष्ट्रसंरक्षण यांचे शिक्षण, असा तेथील क्रम आहे. पदवीच्या सोबतच विद्यार्थी अधिकारपदाची सनद घेऊन बाहेर पडतो. आपल्या छात्रसेनेचे तसे नाही. ती सनद देत नाही. ती सनदेच्या परीक्षेस बसण्याची योग्यता आणि काही सवलत देते. हा फरक विद्यार्थ्याने व पालकाने आरंभीच नीट समजून घ्यावा, कारण त्यासंबंधीच्या गैरसमजातून पुढे निष्कारण निराशा पदरी येते.

आपल्याकडील विद्यार्थी वायुशाखेत दाखल झाला, म्हणजे तो फिकट निळा गणवेश चढवितो आणि ठरल्या दिवशी परेडला हजर राहू लागतो. महाविद्यालयातीलच एखादे प्राध्यापक छात्रसेनेचे सहयोगी अधिकारी असतात आणि वायुदलाकडून आलेले शिक्षक कवायत व शस्त्रशिक्षण पाहतात. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती एवढीच कवायत: सावधान, विश्राम, दहिने मूड. तिचे महत्त्व मी कमी मानीत नाही. अनेक देहांना एका शब्दावर एकाच क्षणी हलावयास लावणारी ती विद्या आहे, आणि ज्याला पुढे दुसऱ्यांचे प्राण हाताशी घेऊन निर्णय करावयाचे आहेत त्याने प्रथम हुकूम पाळण्यास शिकावे हे रास्तच आहे. परंतु वायुशाखेचा खरा गाभा वर्गात आहे. उड्डाणाची तत्त्वे, विमानाचे इंजिन, हवामानशास्त्र, दिशानिर्णय, विमाने ओळखण्याची विद्या आणि प्रतिकृती-विमाने तयार करून उडविणे, हे विषय तेथे शिकविले जातात, आणि ते किनाऱ्यावरील मुलाला वाटतात तितके परके नाहीत.

हवामानशास्त्राचेच उदाहरण घेऊ. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. राजोडीच्या किनाऱ्यावर होडी लोटणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. हलक्या विमानांचे शिक्षण शक्यतो सकाळी लवकर का उरकतात, याचे उत्तर याच ज्ञानात आहे: सूर्य वर येऊ लागला, की तापलेल्या भूमीवरून हवेचे लोट उठू लागतात आणि मंद गतीच्या लहान विमानाला ते हिंदकळवितात. विमान वाऱ्याच्या सन्मुख राहून का उडवितात आणि का उतरवितात, हेही येथेच उलगडते. विमानाला उचलून धरणारा जोर हवेच्या सापेक्ष गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती दुप्पट झाली तर उचल चौपट होते. आणि समोरून येणारा वारा पंखाला ही गती जणू फुकट देत असल्याने धावपट्टीवर कमी धाव घेऊन विमान हवेत चढते. उलट पंखाचा हवेशी होणारा कोन मर्यादेबाहेर, म्हणजे सामान्यतः पंधरा अंशांच्या आसपास, गेला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा विस्कटते आणि उचल एकाएकी ढासळते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन चालू असूनही विमान खाली का कोसळते, हे ज्याला कळले त्याला वैमानिकाच्या अर्ध्या सावधपणाचे मर्म कळले.

दिशानिर्णयाचा धडाही असाच मनोहर आहे. समजा, कोणी राजोडीच्या आकाशातून सरळ उत्तरेस दमणकडे निघाला. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांत सुमारे एका अंशाचे अंतर आहे, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाची एक कला असल्यामुळे हे अंतर सुमारे ६० सागरी मैल, अर्थात १११ किलोमीटर, भरते. नाविकाचे आणि वैमानिकाचे माप येथे एकच आहे. विमानाची हवेतील गती ताशी ६० सागरी मैल धरली, तर वारा नसताना तासाभरात दमण यावे. परंतु पश्चिमेकडून ताशी १५ सागरी मैलांचा वारा वाहत असेल आणि वैमानिकाने विमानाचे नाक भोळेपणाने उत्तरेकडेच ठेवले, तर तासाअखेरीस तो दमणला न पोहोचता सुमारे २८ किलोमीटर पूर्वेला, वापीच्याही पलीकडे, गेलेला असेल. जेथे जावयाचे तेथे जाण्यासाठी त्याने नाक साडेचौदा अंश पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, वळवून धरले पाहिजे. आणि तसे केले म्हणजे जमिनीच्या सापेक्ष त्याची गती ६० वरून सुमारे ५८ वर उतरते, म्हणून इंधनाचा हिशेबही थोडा बदलतो. हे सारे शालेय त्रिकोणमितीचे गणित आहे. अकरावीच्या वर्गात जी ‘साईन’ आणि ‘कोसाईन’ निरुपयोगी म्हणून पाठ केली जातात, ती येथे माणसाला घरी परत आणतात.

वर्गाबाहेरचे शिक्षण शिबिरांत होते. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात निरनिराळ्या महाविद्यालयांची मुले एकत्र राहतात, पहाटे उठतात, पॉइंट टू-टू रायफलने नेमबाजी करतात, स्वतःची भांडी स्वतः घासतात. निवडक छात्रांना अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरास किंवा दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनाच्या शिबिरास जाण्याची संधी मिळते, आणि काहींना वायुदलाच्या तळावर किंवा खुद्द अकादमीत काही दिवस राहून तेथील दिनक्रम पाहता येतो. छात्रसेनेच्या वायुपथकांकडे दोन आसनांची ‘मायक्रोलाइट’ विमाने असतात. त्यांतील ‘झेनएअर’ जातीची जुनी, तर स्लोव्हेनियात बनलेली ‘व्हायरस’ ही पुढील पिढीची. शिक्षकाच्या शेजारी बसून छात्र प्रथमच दांडा हाती घेतो. या थोडक्या उड्डाणांनी तो वैमानिक होत नाही, आणि तसा दावाही कोणी करीत नाही. पण आपल्याला उंचीची भीती वाटते की आनंद, जमीन तिरकी दिसू लागली असता आपली बुद्धी स्थिर राहते की नाही, हे त्याला स्वतःपुरते कळते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पदवीचा अभ्यास न सोडता आणि घरचा पैसा न घालविता, हे कळून येणे ही लहान गोष्ट नव्हे.

शाळेतील छात्राला ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षाअखेर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा असते, आणि तीस बसण्यासाठी परेडची पाऊणहिस्सा हजेरी व शिबिरांची पूर्तता लागते. वायुशाखेच्या ‘सी’ प्रमाणपत्राला खरी किंमत येते ती यानंतर. वायुदलात उड्डाणशाखेचा अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या पदवीधराला एरवी एक तर लोकसेवा आयोगाची सी.डी.एस. परीक्षा किंवा वायुदलाची स्वतःची ‘ॲफकॅट’ परीक्षा द्यावी लागते. परंतु ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या छात्रांसाठी या दोन्ही मार्गांच्या जागांपैकी दहा टक्के राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांना लेखी परीक्षा माफ असून ते थेट निवड मंडळापुढे जातात. अलीकडे, २०२१ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा पदवीचा वैकल्पिक विषय म्हणून मान्य केला असून सहा सत्रांत मिळून तिला २४ श्रेयांक ठेवले आहेत. त्यामुळे परेडला जाणारा मुलगा अभ्यास बुडवितो, ही जुनी तक्रार करण्यास आता जागा उरलेली नाही. मात्र प्रत्येक महाविद्यालयात पथक असतेच असे नाही, आणि जेथे असते तेथे बहुधा ते भूदलाच्या शाखेचे असते. म्हणून वसई-विरारच्या विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरतानाच कचेरीत चौकशी करावी, आणि वायुशाखा जवळ नसेल तर मुंबईकडील ज्या महाविद्यालयात ती आहे तेथे जाण्याचा विचार करावा. पश्चिम किनाऱ्याच्या या दाट वस्तीच्या पट्ट्यात, जेथून रोज असंख्य तरुण रेल्वेने मुंबईस जातात, वायुशाखेची अधिक पथके असावीत, असे मला मनापासून वाटते. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झाल्यानंतर तर ही मागणी स्वतंत्रपणे मांडण्यास जागा झाली आहे.

निवड मंडळाविषयी आपल्याकडे फार गूढ बाळगले जाते. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा येथे वायुदलाची निवड मंडळे असून उमेदवाराला तेथे सुमारे पाच दिवस राहावे लागते. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून त्यावर केलेली गटचर्चा यांवरून पुष्कळांना परत पाठविण्यात येते. जे राहतात त्यांच्या मनाची, देहाची आणि वाणीची निरनिराळ्या अंगांनी परीक्षा होते. एका कसोटीत साठ शब्द एकामागून एक पडद्यावर येतात आणि प्रत्येकी पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहावयाचे असते; दुसरीत साठ अडचणीचे प्रसंग अर्ध्या तासात सोडवावयाचे असतात; तिसरीत बारा चित्रांवर कथा रचावयाच्या, आणि त्यांतील शेवटचे चित्र कोरे असते. मैदानावर दोर, फळ्या आणि पिंपे देऊन काल्पनिक ओढा ओलांडावयास सांगतात. पिंप पलीकडे गेले की नाही याला तेथे दुय्यम महत्त्व असते. कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण नुसताच ओरडतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो आणि कोण अपयश येताच चेहरा पाडतो, हे परीक्षक पाहत असतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळी ब्रिटिश सैन्याने बसविली. तत्पूर्वी अधिकारी निवडताना घराणे, शाळा आणि मुलाखतीतील वागणूक यांवर भिस्त असे, आणि युद्धाने ती भिस्त अपुरी ठरविली. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाने इंग्रजीच्या भीतीने या मंडळापुढे जाण्याचेच टाळणे हे म्हणूनच दुःखद आहे. साधी, चुकतमाकत का होईना पण स्पष्ट इंग्रजी तेथे चालते, आणि तीन वर्षे परेडच्या मैदानावर दहा-वीस मुलांचे पथक हाताळलेल्या छात्राला पिंप-फळीचा प्रसंग नवा नसतो. छात्रसेनेच्या शिक्षणाचे फळ तेथे मिळते. दाखल्याने तर फक्त दार उघडते.

उड्डाणशाखेसाठी याशिवाय संगणकावरील एक स्वतंत्र कसोटी असते, तीत हात, डोळे आणि लक्ष यांचा मेळ तपासला जातो. ही कसोटी माणसाला जन्मात एकदाच देता येते. तीत उतरला नाही, तर वायुदलाच्या वैमानिकाची वाट त्याच्यापुरती संपली. वैद्यकीय तपासणीत उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, पायांची आणि मांडीची लांबीही मोजली जाते, कारण विमानातील आसन आणि यंत्रे यांच्या मापात देह बसला पाहिजे. रंगांधळेपणा मुळीच चालत नाही. ही मापे घरच्या घरी आधी घेऊन ठेवणे, आणि डोळ्यांची तपासणी अकरावीतच करून घेणे, शहाणपणाचे होईल.

अकरावीचे नाव पुन्हा आले, ते हेतुपुरस्सर. उड्डाणशाखेला कोणत्याही विषयाची पदवी चालते, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय असलेच पाहिजेत, आणि त्या प्रत्येकात किमान निम्मे गुण लागतात. वैद्यकाच्या नादाने गणित सोडणारी, किंवा कठीण वाटते म्हणून भौतिकशास्त्र टाळणारी मुले सोळाव्या वर्षीच हे दार स्वतःच्या हाताने बंद करतात, आणि पुष्कळदा ते त्यांना पदवीनंतर कळते. याच वयात खडकवासल्याची वाटही खुली असते. १९४९ साली डेहराडूनला सुरू झालेली तिन्ही दलांची संयुक्त शाळा पुण्याजवळ खडकवासल्यास आणून १६ जानेवारी १९५५ रोजी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. बारावीच्या बळावर, साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन तेथे प्रवेश मिळतो, तीन वर्षांत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, आणि वायुदलाचे छात्र पुढे दुंडिगलला जातात. महाराष्ट्राने या वाटेची तजवीज इतर प्रांतांच्या आधी केली, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल काढले. १९६१ साली देशातील पहिली सैनिकी शाळा साताऱ्यास निघाली. आणि १९७७ साली राज्य सरकारने त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सेवापूर्व शिक्षण संस्था उभारली, जेथे दहावीनंतर निवडलेल्या मुलांना दोन वर्षे ठेवून प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आता सुरू झाली आहे.

या भूमीने वायुदलाला दिलेली माणसेही थोडी नाहीत. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० साली वायुदलात अधिकारी झाले, काश्मीरच्या पहिल्या युद्धातील पराक्रमाबद्दल महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ साली वायुदलप्रमुख झाले. नागपूरचे प्रदीप वसंत नाईक २००९ साली, तर नांदेड जिल्ह्याचे विवेक राम चौधरी २०२१ साली त्याच पदावर चढले, आणि हे दोघेही खडकवासल्याचे विद्यार्थी होते. ज्या वर्षी मुळगावकरांना अधिकारपद मिळाले, त्याच्या केवळ दहा वर्षे आधी, १९३० साली, भारतीय तरुणांची पहिली मोजकी तुकडी वैमानिकी शिकण्यास इंग्लंडमधील क्रॅनवेलला रवाना झाली होती. स्वदेशात अकादमी नव्हती आणि भारतीय वायुदलाची स्थापनाही व्हावयाची होती. ती ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली.

दुंडिगलच्या अकादमीची कोनशिला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी १९६७ साली बसविली. प्रबोधिनी, सी.डी.एस., ‘ॲफकॅट’ आणि छात्रसेना या चारही वाटांनी आलेले छात्र येथे एकत्र होतात. पहिले धडे ‘पिलाटस’ या स्विस विमानावर मिळतात. शिक्षकासह, मग एकट्याने, मग आकाशातील कसरती, मग केवळ यंत्रांकडे पाहून उड्डाण, अशा पायऱ्या चढत जावे लागते, आणि प्रत्येक पायरीवर काहींना थांबावे लागते. त्यानंतर लढाऊ, मालवाहू आणि हेलिकॉप्टर असे तीन प्रवाह फुटतात. लढाऊ विमानांकडे वळलेल्यांचे ‘हॉक’ विमानावरील शिक्षण बीदरला होते. म्हणजे लातूर-उदगीरच्या वेशीवर, जेथे मराठी आजही अनेक घरांत बोलली जाते. आणि पुढील पिढीचे छात्र ज्या ‘एचटीटी-४०’ या स्वदेशी विमानावर शिकतील, त्याची उत्पादनमालिका २०२५ साली नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात सुरू झाली, त्याच कारखान्यात जेथे एकेकाळी मिग विमाने तयार होत.

मुलींच्या बाबतीत तर गेल्या काही वर्षांत परिस्थिती मुळापासून पालटली आहे. वैमानिक म्हणून स्त्रिया वायुदलात १९९४ पासून आहेत; लढाऊ विमानाची सनद मात्र पहिल्या तिघींना, अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग यांना, २०१६ च्या जूनमध्ये मिळाली. खडकवासल्याचे दार २०२२ साली उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. छात्रसेनेत मुली १९४९ पासूनच आहेत. म्हणजे मैदानावरचा अनुभव त्यांना आधीपासून मिळत होता, फक्त पुढचे दार बंद होते.

ज्याला वा जिला वैमानिक होणे शरीरप्रकृतीमुळे शक्य नाही, त्यांच्यासाठी वायुदलात हवामान, हिशेब, रसद, प्रशासन, शिक्षण आणि तांत्रिक अशा शाखा आहेत, आणि त्यांतील अधिकाऱ्यावाचून एकही विमान जमीन सोडू शकत नाही. भूसेवेच्या शाखांसाठी वयाची मर्यादा २० ते २६ आहे. उड्डाणासाठी ती २० ते २४ इतकी आखूड आहे, आणि हाच हिशेब राजोडीच्या विद्यार्थ्याने बारावीच्या निकालाच्या दिवशी मांडून पाहावा. अठराव्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षात नाव घातले आणि त्याच महिन्यात छात्रसेनेत दाखल झाले, तर विसाव्या वर्षी ‘बी’ आणि एकविसाव्या वर्षी पदवीबरोबर ‘सी’ प्रमाणपत्र हाती येते. चोवीस पूर्ण होण्यास तेव्हा तीन वर्षे उरलेली असतात, आणि ‘ॲफकॅट’ची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिल्या वर्षी पथकात नाव घालण्याची मुदत मात्र महाविद्यालय सुरू होताच थोड्याच दिवसांत संपते.